निळ्या बाईची सावली

१

ज्या दिवशी पान गेल्याचं कळलं, त्या दिवशी मी संग्रहालयात बराच लवकर पोचलो होतो. हल्ली घरात बसवत नाही. एका माणसापुरता चहा करायला मला अजून जमत नाही. उरतो, आणि मग तो मोरीत ओतताना हात जड होतो. म्हणून तयार होऊन बाहेर पडलो.

परिषदेचा दुसरा दिवस होता. विषय मध्ययुगातल्या चित्रांच्या पोथ्या. या पोथ्या कागदाच्या नसतात. वासराचं कातडं ताणून, खरवडून, गुळगुळीत करून त्याची पानं केलेली असतात. देशोदेशीचे अभ्यासक गळ्यात नावाच्या पट्ट्या अडकवून जमले होते. त्या दुपारचं सत्र माझ्या बायकोच्या आठवणीसाठी होतं. तिचा शेवटचा निबंध तिची विद्यार्थिनी वाचणार होती आणि मी पहिल्या रांगेत बसायचं होतं. माझं काम एवढंच.

संग्रहपाल बाई दारातच भेटल्या. "बरं झालं लवकर आलात. गर्दी व्हायच्या आत दाखवते. दोन्ही पानं शेजारी शेजारी तुम्ही कुठं पाहिलीत अजून!"

दालनाच्या मध्यभागी कमरेएवढी उंच, उतरती काचपेटी होती. तिच्यावर काळं कापड. उजेड रंग खातो, म्हणून बघणाऱ्याने कापड उचलायचं, बघायचं आणि परत टाकायचं, अशी तिथली शिस्त. बाईंनी कापड उचललं.

डावीकडे मोठं पान होतं. निळं आकाश, सोन्याचं झाड. उजवीकडे नुसता पुठ्ठा होता. त्याच्या चार कोपऱ्यांवर पान धरून ठेवणाऱ्या चार पारदर्शक पट्ट्या नीट मांडून ठेवल्या होत्या.

बाईंनी कापड खाली टाकलं. मग लगेच परत उचललं, जणू तेवढ्यात ते पान परत येऊन बसलं असेल.

"नाहीये," त्या म्हणाल्या.

मला एकच दिसत होतं. माझ्या बायकोने आयुष्याच्या शेवटी जे म्हटलं होतं, ते खरं की खोटं हे त्या पानाशिवाय कुणालाच सांगता येणार नव्हतं.

२

ती काय म्हणत होती ते आधी सांगतो. मला समजलं तेवढं.

मोठं पान या संग्रहालयाचंच. त्यातलं निळं दगड कुटून केलेलं आहे. तो दगड डोंगर आणि समुद्र ओलांडून आला, कुणीतरी तो कुटला, चाळला, आणि एका कातड्यावर आकाश केलं. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा आमचं नुकतंच लग्न झालं होतं. मला चित्रातलं काही कळत नाही, पण तेव्हाही मी टोपी काढली होती. ती हसली होती.

त्या पानाच्या कोऱ्या समासात एक फिकट डाग आहे. नीट पाहिलं तर उभी बाई दिसते, हातात दिवा असल्यासारखी. इतरांना तो ओलीचा डाग वाटायचा. माझी बायको त्याला सावली म्हणायची. पोथी मिटलेली असते, वर्षानुवर्षं दोन पानं एकमेकांवर दाबली जातात, हवा दमट झाली की समोरच्या पानाचा रंग थोडासा या पानाला लागतो. उलटा, शिक्क्यासारखा. म्हणजे या पानासमोर कधीतरी दुसरं पान होतं, ज्यावर एक बाई होती. ती बाई शोधायची, हे तिने मनावर घेतलं.

आणि सापडली. दूरच्या एका संग्रहाच्या छापील सूचीत. लहान पान, कुणी हौशी मालकाने चौकटीत बसावं म्हणून कडा कापून पुठ्ठ्याला चिकटवलेलं. त्यावर निळ्या झग्यातली बाई, हातात दिवा. बाईचं माप सावलीशी जुळत होतं. ते लहान पान डोंगरातल्या एका मठातल्या बायकांनी रंगवलेलं, एवढं आधीपासून माहीत होतं. म्हणजे मोठं पानही त्यांचंच, असं माझ्या बायकोचं म्हणणं. आजवर सगळे ते राजधानीतल्या कुणा मोठ्या दरबारी चित्रकाराचं मानत आले होते.

लहान पान तिने फक्त फोटोत पाहिलं. प्रवास करण्याजोगी ती राहिली नव्हती. तिने पत्रांमागून पत्रं लिहून ते इथे मागवलं. त्या लोकांनी ते पुठ्ठ्यापासून सोडवून, साफ करून पाठवलं. पान आलं तेव्हा ती नव्हती.

"पोलिसांना बोलवायचं तर बोलवते," संग्रहपाल बाई म्हणाल्या, "पण मग सत्र रद्द, परिषद बंद. पानं पाठवणारे लोक आपलं सगळं उचलून नेतील आणि पुन्हा कुणी आम्हाला पोस्टाचं तिकीटसुद्धा उसनं देणार नाही. तुम्ही विमा कंपनीत चौकशा करायचात ना?"

"मी जळलेली गोदामं बघायचो, बाई. कातडी पानं नाही."

"लबाडी तीच असते ना पण?"

तेही खरंच होतं. त्यांनी मला दुपारच्या सत्रापर्यंत मुदत दिली.

काल संध्याकाळी दिव्यांची चाचणी होती. दालनात चौघंच होते: बाई स्वतः, जतन विभागाचा प्रमुख, ज्येष्ठ अभ्यासक थोरले सर आणि माझ्या बायकोची विद्यार्थिनी. मध्ये चहा झाला, लोक आत-बाहेर झाले. पेटी तेव्हा उघडीच होती. नंतर बाई परत आल्या तेव्हा कापड टाकलेलंच होतं. ते उचलून न पाहता त्यांनी कुलूप लावलं. बाहेर पडताना दारावरचा माणूस सगळ्यांच्या पिशव्याच काय, कोटसुद्धा उघडून बघतो. त्यानं शपथेवर सांगितलं की पानासारखं काहीही बाहेर गेलेलं नाही.

म्हणजे पान इमारतीतच होतं. पुढच्या दोन तासांत बाईंच्या माणसांनी कपाटं, कचऱ्याचे डबे, खुर्च्यांच्या गाद्या, झेरॉक्सची खोली, सगळं उलटंपालटं केलं होतं. काही नाही.

"निदान मोठं पान तरी जागेवर आहे," बाई म्हणाल्या आणि मी पेटीवर वाकल्याबरोबर दचकल्या. "हात लावू नका हं! तीन सह्यांशिवाय ते जागचं हलत नाही."

३

जतन विभागाच्या प्रमुखाला सगळे डिंक्या म्हणत. त्याच्या तोंडावरसुद्धा. बोटांना कायम काहीतरी चिकटलेलं असायचं.

"काका, चोराला मानलं पाहिजे," तो म्हणाला. "सुरी लावलेली नाही. पट्ट्या सरकवून काढल्यात. मीही यापेक्षा हळू काढल्या नसत्या."

"म्हणजे तूच काढल्यास?"

"मी असतो तर पट्ट्या पण नेल्या असत्या. चांगल्या पट्ट्या कुठं मिळतात हल्ली?"

मी त्याला पेटीत आणखी काय बदललंय ते बघायला सांगितलं. त्याने खाली वाकून पाहिलं. प्रत्येक पानाच्या पुठ्ठ्याशेजारी एक पुडी असते, हवेतली ओल बेताची ठेवणारी. कातडं हवेबरोबर श्वास घेतं म्हणे. फार कोरडं झालं तर वाकतं, रंग उडतो.

"दोन्ही पुड्या डावीकडे आल्यात. मोठ्या पानाकडे," तो म्हणाला. "कुणाचा तरी धक्का लागला असेल. पान सापडेल ना, काका?"

"हातमोजे घालून काम करता ना तुम्ही? ठसे वगैरे..."

"मोजे सिनेमात घालतात. मोज्यात बोटाला काही कळत नाही, पान फाटतं. हात धुवायचे, पुसायचे, बस. तुम्हाला मॅडमनी एवढंही सांगितलं नाही?"

सांगितलं होतं. मी विसरलो होतो.

थोरले सर बाहेर बाकावर बसले होते. माझ्या बायकोचे गुरू तेच, आणि पुढे तिचे सगळ्यांत मोठे विरोधकही तेच. मोठं पान दरबारी चित्रकाराचं, हे मूळ त्यांचं मत. त्यावर त्यांचं जाडजूड पुस्तक आहे.

"मला विचारायला आलात? बसा. माझ्यावर संशय घेतला नसतात तर मला वाईट वाटलं असतं."

"तिचं म्हणणं खरं ठरलं असतं तर तुमचं पुस्तक..."

"रद्दीत. सरळ बोला की."

"म्हणजे पान गेलं ते तुमच्या फायद्याचं."

"फायद्याचं?" ते एवढ्या जोरात ओरडले की शेजारून जाणारी दोन परदेशी माणसं थांबली. "अहो, मला ते बघायचं होतं! तिरप्या उजेडात, एकदाच. काल बघणार तेवढ्यात चहाला बोलावलं. या वयात चहा थांबवता येत नाही आणि चहानंतरचंही काही थांबवता येत नाही. परत आलो तोवर पेटी बंद."

"एकदा बघून काय कळलं असतं?"

त्यांनी आपला तळहात पुढे केला, मग उलटा केला. "कातड्याला दोन बाजू. एक केसांची, एक मांसाची. कितीही खरवडा, केसांच्या बाजूला बारीक ठिपके राहतात. मांसाची बाजू पांढरी, मऊ. जुने लोक पोथी बांधताना पानं अशी घडी घालायचे की केसांसमोर केस यावेत, मांसासमोर मांस. कुठेही उघडा, समोरासमोरची दोन पानं सारखीच दिसणार. कळलं?"

"कळलं."

"तुमच्या बायकोची सावली केसांच्या बाजूवर आहे. ते ठिपके मी या डोळ्यांनी पाहिलेत. आता ती दिवेवाली बाई जर मांसाच्या बाजूवर असेल, तर ही पानं कधीच समोरासमोर नव्हती. खेळ खलास."

"आणि केसांच्या बाजूवर असेल तर?"

"तर माझा खेळ खलास," सर म्हणाले. "फोटोत हे कळत नाही. म्हणून तर ती बिचारी ते पान मागवत होती. तिलाही ठाऊक होतं की यावर सगळं अडलंय. सापडेल ना हो ते?"

मी उठलो. ते मागून म्हणाले, "ती माझ्याशी भांडायची तशी आता कोण भांडतं हो? सगळे नुसत्या माना डोलावतात."

४

माझी बायको आपल्या या विद्यार्थिनीला मुंगी म्हणायची. स्वतःपेक्षा जड पुस्तकं उचलून जिन्यावरून पळायची म्हणून. आजारपणात शेवटपर्यंत रोज घरी यायची. फोटो मोठे करून दाखवायची, ही सांगेल ते लिहून घ्यायची. आमच्या स्वयंपाकघरात कुठला डबा कुठे आहे हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

ती सभागृहात एकटीच बसली होती. निबंधाची पानं मांडीवर.

"काका, काही खाल्लंत का?"

"तू?"

"जात नाहीये."

"सत्राचं काय करायचं?" मी विचारलं. "बाई म्हणतायत, पुढे ढकलू."

"नाही!" ती एकदम म्हणाली. "मी वाचणार. पान नाही म्हणून मॅडमना गप्प बसवायचं? त्यांचे शब्द आहेत. लोकांना ऐकू देत."

"थोरले सर शंका काढतील."

"काढू देत ना. पान समोर नसताना नुसती शंकाच राहणार."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघालो. दारापाशी पोचलो आणि पाय थांबले.

सकाळपासून मी ज्याच्याशी बोललो, त्या प्रत्येकाने मला एक प्रश्न विचारला होता. दारावरच्या माणसानेसुद्धा. पान सापडेल का? कुठे असेल? मुंगीने तेवढं विचारलं नव्हतं.

५

मी पेटीसमोर स्टूल घेऊन बसलो.

आमच्या कामात एक पद्धत होती. आग मुद्दाम लावल्याचा संशय आला की नवीन पोरं जळलेलं सामान बघत बसायची. मी आधी आगीतून काय वाचलं ते बघायचो. स्वतःचं घर पेटवणारा माणूसही आईचा फोटो आधीच दुसरीकडे नेऊन ठेवतो. त्याला वाटतं हे कुणाच्या लक्षात येणार नाही. कारण ते त्याने लबाडी म्हणून केलेलंच नसतं.

इथे काय वाचलं होतं? सगळंच. पट्ट्या कापल्या नव्हत्या. कापड परत टाकलं होतं, मोठ्या पानाला उजेड लागू नये म्हणून. आणि पुड्या. धक्का लागून एक पुडी सरकेल. पण उजवीकडची पुडी डावीकडच्या पुडीला चिकटून सरळ कशी बसेल?

पुडी पानासोबत जाते. उजवीकडची पुडी डावीकडे गेली, कारण उजवीकडचं पान डावीकडे गेलं.

मी वाकून काचेतून पाहिलं. मोठ्या पानाचा पुठ्ठा आपल्या उतारावर अगदी किंचित उंच बसला होता. नख आत जाईल, एवढाच.

पान पेटीतून बाहेर गेलंच नव्हतं. ते मोठ्या पानाच्या पुठ्ठ्याखाली होतं. बरोबर हवा, बरोबर अंधार. आणि सकाळपासून एवढी शहाणी माणसं इमारत पिंजत होती, पण तिथे कुणी बघितलं नाही, कारण तीन सह्यांशिवाय त्या पुठ्ठ्याला हात लावायचा विचारही त्यांच्यातल्या कुणाच्या मनात येत नाही. लपवणाऱ्याला हे पक्कं माहीत होतं. पुठ्ठा खालून जरासा उचलण्यापुरती शिस्त त्याने मोडली होती, आणि तीही केवळ नाइलाजाने.

आता कोण? मी उलटं धरून पाहिलं. माझ्या बायकोचं म्हणणं खरं ठरेल अशी ज्याला भीती होती, त्याने कुठलं पान लपवलं असतं? मोठं. सावली तर त्याच्यावर आहे. ती नाहीशी झाली की सगळा मुद्दाच हवेत. पण सावली जागेवर होती. गेलं होतं ते फक्त लहान पान. ज्या एका पानावर ती चुकली की नाही हे दिसणार होतं, तेच.

चोराला ती खरी ठरण्याची भीती नव्हती. ती खोटी ठरली, हे त्याला आधीच दिसलं होतं.

आणि तिची चूक झाकावी असं वाटणारी माणसं जगात दोनच होती. त्यातला एक मी, आणि मी काल संध्याकाळी घरी होतो.

खरं सांगायचं तर मी तिथून उठलो नाही. मला कळलं होतं आणि दुसऱ्या कुणालाच कळलं नव्हतं. दुपार टळू द्यायची. निबंध वाचला जाईल, टाळ्या होतील, तिचं नाव छापून येईल. पान दोन दिवसांनी सापडेल. कुणाचं काय बिघडणार होतं?

मी व्हरांड्यात जाऊन मुलीला फोन लावला. ती लांब असते. सगळं सांगितलं.

"बाबा, तुम्ही मला हे विचारताय?" ती म्हणाली.

"तुझ्या आईच्या नावाचा प्रश्न आहे."

"आईने माझ्या शाळेच्या निबंधात लाल शाईने खुणा केल्या होत्या. मी आठ वर्षांची होते. बक्षीस मिळालेला निबंध होता तो! मी रडले तर म्हणाली, चूक सापडली की आनंद व्हायला पाहिजे, वेडे." ती जरा थांबली. "तुम्ही जेवलात का?"

"जेवतो."

"म्हणजे नाही. आधी तिकडचं निस्तरा आणि मग जेवा."

६

मी मुंगीच्या शेजारच्या खुर्चीत बसलो. "मांसाची बाजू आहे ना?" एवढंच विचारलं.

तिने मान खाली घातली. मग रडायलाच लागली.

"काल सगळे चहाला गेले तेव्हा तिरपा दिवा लावला. मला आधी खूश व्हायचं होतं, एकटीने. म्हटलं, ठिपके बघते आणि मग सगळ्यांना हाक मारते. ठिपके नव्हतेच, काका. पांढरं शुभ्र. मऊ. सर बघतील, सगळ्यांसमोर उठून बोलतील, आणि मॅडम उत्तर द्यायला नाहीत. त्या असत्या तर भांडल्या असत्या. मी काय बोलणार? मला तर त्यांच्यासारखं सुचतही नाही."

"पानाला काही झालं नाही ना?"

ती चिडली. रडता रडता चिडली. "काका! दोन स्वच्छ कागदांत ठेवलंय. पुडी पण दिलीय."

"पाहिली मी पुडी," मी म्हणालो. "चल."

संग्रहपाल बाई आधी मटकन बसल्या, मग अशा काही बोलल्या की डिंक्यानेसुद्धा खाली पाहिलं. मुंगीने सगळं ऐकून घेतलं. मग तीन सह्या झाल्या. डिंक्याने हात धुतले, पुसले, आणि मोठा पुठ्ठा उचलला.

ते तिथेच होतं. दोन कागदांमध्ये.

मी ते पहिल्यांदा पाहिलं. तळहाताहून थोडं मोठं. निळ्या झग्यातली बाई, मान किंचित कललेली, दोन्ही हातांत दिवा. दिव्याची ज्योत सोन्याची. एवढ्या शतकांत किती माणसं जन्मली आणि मेली, आणि हे सोनं डिंक्याचा हात हलला की हलायचं, आत्ता पेटल्यासारखं. माझ्या बायकोने हे पाहिलं नाही. मी तिच्याही वाटचं बघून घेतलं.

थोरले सर खिडकीपाशी उभे होते. जवळ आले, तिरपा दिवा धरला, वाकले. बराच वेळ वाकून राहिले.

"मांसाची बाजू," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. "चुकली ती."

मग त्यांनी बोटाच्या टोकाने पानाची कड जेमतेम उचलून मागची बाजू पाहिली, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"डिंक्या, हे पान आजवर पुठ्ठ्याला चिकटलेलं होतं ना?"

"हो. तिकडच्या लोकांनी आत्ताच सोडवलंय."

"म्हणजे मागून कुणी उजेड दिलेला नाही. कधीच."

"नसणार."

"तुझी ती उजेडाची पाटी आण. आणि पडदे ओढा. सगळे."

डिंक्याने दुधी काचेची पातळ पाटी टेबलावर ठेवली. तिच्यावर पान अलगद ठेवलं. पडदे ओढले. मग बटण दाबलं.

निळा रंग गेला. सोनं गेलं. काळोखात एक बाई उभी राहिली, नुसत्या ठिपक्यांची. टाचणीच्या टोकाएवढी भोकं, शेकडो, तिच्या झग्याच्या कडेने, खांद्यावरून, बोटांभोवती, ज्योतीभोवती. प्रत्येकातून उजेड येत होता. आकाशात कुणी चांदण्या मोजून, हव्या तिथेच लावाव्यात, तशी.

मी आपोआप एक पाऊल मागे गेलो. संग्रहपाल बाईंचा हात तोंडावर होता. आयुष्यभर हीच कामं केलेली ती माणसं, पण त्या क्षणी आम्ही सगळे सारखेच अडाणी होतो.

"साचा," सर शेवटी म्हणाले. हळू, देवळात बोलावं तसं. "हिच्या कडेकडेने टाचणीने भोकं पाडलीयत. खाली दुसरं कोरं पान ठेवायचं, वरून कोळशाची पूड चोळायची. खाली ठिपके उमटतात. ते जोडले की तीच बाई, त्याच मापाची."

"भरतकामाचे छापे काढतात तसं," मी म्हणालो. माझी आई काढायची.

"तसंच. अगदी तसंच."

मुंगी पुढे आली. डोळे सुजलेले, पण तिचा आवाज मी ओळखला. माझ्या बायकोजवळ बसून वाद घालायची तो आवाज. "सर, मग मोठ्या पानावरची सावली या बाईची नाही. हिच्यावरून काढलेल्या बाईची आहे. म्हणून माप जुळलं. मॅडमचं माप बरोबरच होतं!"

"पुढे बोल."

"म्हणजे तिसरं पान होतं. केसांच्या बाजूवर रंगवलेलं. ते मोठ्या पानासमोर होतं."

"आणि ते जिथे झालं तिथेच हा साचा होता," सर म्हणाले. "मठात. बहुतेक मठात. साचे विकलेही जायचे, एवढ्या सहज मी हार मानणार नाही." त्यांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले. "तिने घर बरोबर शोधलं होतं हो. दार तेवढं शेजारचं ठोठावलं. अशी चूक करायची माझी कधी छाती झाली नाही."

पाटीवरची बाई तशीच उभी होती. बटण बंद करायला कुणीच पुढे होईना.

७

सत्र झालं. मुंगीने निबंध जसा होता तसा वाचला, एक शब्द न बदलता. मग म्हणाली की यात एक चूक आहे, ती काल मला सापडली आणि मी ती लपवली. सभागृहात चुळबुळ झाली. तिने थांबून पाण्याचा घोट घेतला आणि बाजू कशी चुकली ते सांगितलं. त्यानंतर दिवे घालवून सगळ्यांना ती ठिपक्यांची बाई दाखवली. तेव्हा चुळबुळ थांबली. मागच्या रांगेतली माणसं उभी राहिली, मग मधली, मग सगळेच.

थोरल्या सरांनी शेवटी दोन शंका काढल्या. मुंगीने एकीचं उत्तर दिलं आणि दुसरीला म्हणाली, "माहीत नाही." ते खूश झालेले दिसले.

संग्रहपाल बाईंनी पानाच्या मालकांना घडलेलं सगळं कळवलं. मुंगीला पुढचं वर्षभर पेटीजवळ जायला बंदी आहे. ते योग्यच आहे, असं ती स्वतःच म्हणते. ती आमच्या घरी येते, माझ्या बायकोच्या टेबलावर बसते आणि जुन्या संग्रहांच्या सूच्या चाळते. मी तिला चहा देतो.

निबंधाचा शेवटचा भाग नव्याने लिहायचा आहे. मोठं पान मठातल्या बायकांचं की दरबारी चित्रकाराचं, हे ठरायचं आहे. तिसरं पान कुठे आहे, उरलं आहे की नाही, हे कुणालाही ठाऊक नाही. ते अजून सापडलेलं नाही.